स्किमर आठ महिने वापरल्यावर: पंपाला दोष देण्याआधी हवेची नळी बघा

सम्पमध्ये (मुख्य टँकला जोडलेली, पाणी गाळण्याची टाकी) बसणारा, नीडल-व्हील पंपाचा (काटेरी चाकाने हवेचे बारीक बुडबुडे करणारा) स्किमर, म्हणजे खाऱ्या पाण्यातला सेंद्रिय कचरा फेसावर चढवून वरच्या कपात काढणारं यंत्र, २०० लिटरच्या समुद्री टँकवर आठ महिने चालू. खोक्यावर छापलेलं सगळं वाचकांना माहीत असतंच, ते सोडून देतो.

पाचव्या महिन्यात फेस बसला. चार दिवसांत कपात जेमतेम चमचाभर पिवळट पाणी. विक्रेत्याचं निदान ठरलेलं: पंप गेला, नवा घ्या. पंप ठणठणीत होता. हवेची नळी पंपाच्या तोंडाशी जिथे शिरते, तिथल्या निपलमध्ये (छोट्या तोटीत) मिठाचा खडा धरला होता. या स्किमरचा सगळ्यात मोठा दोष हाच, आणि माहितीपत्रकात त्यावर एक ओळही नाही.

पंप बंद पडला की खारं पाणी हवेच्या नळीत चढतं. पुन्हा सुरू झाला की हवा आत ओढली जाते, राहिलेला ओलावा सुकतो आणि मीठ मागे उरतं. वीज चार वेळा गेली की चार थर. भोक आवळत जातं तशी हवा कमी होते आणि पंप हवेऐवजी नुसतं पाणी ढकलत राहतो. बॉडीतलं (फेस तयार होतो त्या उभ्या भागातलं) दुधासारखं पांढरं पाणी हळूहळू पारदर्शक दिसू लागतं, बुडबुडे मोठे आणि विरळ होतात. हे एका रात्रीत होत नाही, म्हणून लक्षात येत नाही. नळीच्या टोकावर बोट ठेवून बघा: ओढ जाणवायला हवी. सायलेन्सर (नळीच्या टोकावरचा, आवाज कमी करणारा भाग) काढल्यावर फेस वाढला तर अडथळा त्याच्यातच आहे.

उपाय फुकटचा. आधी कप रिकामा करा. पंप चालू ठेवून नळीचं टोक सायलेन्सरमधून सोडवा आणि कपभर कोमट आरओ (फिल्टरने क्षार काढलेल्या) पाण्यात बुडवा, पंप ते ओढून घेईल. मधे थोडी हवा जाऊ द्या, मग पुन्हा पाणी, असं दोन-तीनदा. आठवड्यातून एकदा पुरे. खडा घट्ट असेल तर पंप बंद करून निपल काढा आणि कोमट पाण्यात भिजवा. टोचायचंच तर दातकोरणीने, तारेने नाही. भोकाला चरे पडले की मीठ आणखी लवकर धरतं. नळीचं मोकळं टोक सम्पच्या पाण्याच्या वरच ठेवा. खाली लोंबलं तर पंप बंद पडल्यावर त्यातून सायफन सुरू होऊन पाणी जमिनीवर येऊ शकतं.

पहिल्या पंधरवड्यातलं मत मात्र बदलावं लागलं. पाणी बाहेर सोडणाऱ्या पाइपची चकती एवढीशी फिरवली की फेस एकतर कपाबाहेर, नाहीतर गायब. चकतीच भिकार, असं वाटलं होतं. खरं कारण सम्पची पातळी. बाष्पीभवनाने ती १ सेंटिमीटर उतरली तरी बॉडीतलं पाणी खाली येतं आणि सकाळचं सेटिंग संध्याकाळी निरुपयोगी ठरतं. स्किमर पाणी कायम एकाच उंचीवर राहील अशा कप्प्यात ठेवा. तसा कप्पा नसेल तर ऑटो टॉप-ऑफ (उडून गेलेलं पाणी आपोआप भरणारं साधन) लावा. पाण्याची खोली कंपनीने सांगितलेल्या मर्यादेत ठेवा, कमी पडली तर खाली स्टँड द्या. त्यानंतर ती चकती शहाण्यासारखी वागते. सुरुवातीला पूर्ण उघडी ठेवा. फेस मानेच्या (कपात चढणाऱ्या अरुंद नळीच्या) तळाशी टिकेपर्यंत थोडी थोडी आवळा आणि दर बदलानंतर एक दिवस हात लावू नका.

नव्या प्लास्टिकवरच्या तेलकट थरामुळे सुरुवातीचे काही दिवस फेस धरत नाही किंवा वेड्यासारखा उतू जातो. बसवण्याआधी पाणी मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये तासभर चालवून धुतलं तर हा काळ थोडा कमी होतो. पुढेही वॉटर कंडिशनर किंवा कोरल चिकटवायची इपॉक्सी पडली की कप भरून वाहतो. तेव्हा चकती छेडू नका. हवा बंद करा किंवा कप काढून ठेवा.

ओला फेस की सुका, यावर वाद घालणारे मीठ विसरतात. दिवसाला ५०० मिलिलिटर पातळ पाणी कपात जात असेल आणि टॉप-ऑफ त्याजागी आरओ भरत असेल, तर ३५ पीपीटीच्या (पाण्याच्या हजार भागांत मिठाचे ३५ भाग) या टँकमधून रोज साधारण १७ ग्रॅम मीठ जातं. आठवड्यात सॅलिनिटी (खारेपणा) ३४.४ च्या आसपास. म्हणून चहाच्या रंगाचा, जरा सुका फेस बरा. आणि स्किमर नायट्रेट काढत नाही. ज्याचं पुढे नायट्रेट होतं तो सेंद्रिय कचरा आधीच उचलतो.

मान दर तिसऱ्या दिवशी पुसा. आतला चिकट थर फेस मोडतो आणि नुसता कप रिकामा करून तो जात नाही. कपाच्या रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीस, पेट्रोलियम जेली नको. आवाज? सायलेन्सर असताना सुसह्य.

पंप तीन महिन्यांतून एकदा सोडवून व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवा, इम्पेलरवरचा (पंपाच्या फिरत्या चाकावरचा) चुन्याचा थर सुटतो. सिरॅमिक दांडा काढताना जपा, वाकत नाही, थेट तुटतो. विक्रेत्याने सुचवलेला नवा पंप अजून घेतलेला नाही. खडखड सुरू झालीच तर फक्त इम्पेलर घ्यायचा, तो सुटा मिळतो.