लाकडी सांगाड्याचं घर: १४ महिन्यांनंतर

एडिनबर्गजवळच्या या घरात आम्ही नोव्हेंबरात राहायला आलो. आता दुसरा हिवाळा चालू आहे. घर बाहेरून विटांचं दिसतं, पण छपराचा आणि वरच्या मजल्याचा भार आतल्या लाकडी सांगाड्यावर आहे. स्कॉटलंडमध्ये बहुतेक नवी घरं अशीच बांधतात. भिंतींची तयार पॅनेलं कारखान्यातून आली आणि क्रेनने चार दिवसांत उभी राहिली. पाया आणि वीटकामाला मात्र नेहमीसारखाच वेळ लागला.

आई साताऱ्याहून आली, तिने भिंतीवर टकटक केली. "पोकळ वाजते गं ही." मी तिला प्लास्टरबोर्ड (आतल्या बाजूचे जिप्समचे तक्ते) लावण्याआधीचे फोटो दाखवले: दर ६०० मिलिमीटरवर १४० मिलिमीटर रुंदीचं उभं लाकूड, मध्ये ऊब धरून ठेवणारं गच्च भरलेलं इन्सुलेशन, बाहेरून ओएसबीचे, म्हणजे लाकडाच्या कपच्या दाबून केलेले तक्ते. आमच्या जुन्या वाड्यातही भार खांब-तुळयांवरच होता, त्यामुळे तिला ते लगेच कळलं. "पण तिथे खांब डोळ्यांसमोर होते," ती म्हणाली. तिचं बरोबर आहे. इथे जे काही बिघडेल ते भिंतीआड बिघडेल.

तसं झालंही. पहिल्या जानेवारीत न्हाणीघराच्या छताला काळपट डाग आला. माळ्यावर चढून पाहिलं तर एक्झॉस्ट पंख्याची नळी जोडातून निसटलेली, सगळी वाफ माळ्यावर जात होती. ओलावामापकावर लाकडाचा आकडा २२ टक्के. २०च्या वर तो बराच काळ राहिला तर लाकडाला बुरशी धरते आणि ते कुजू लागतं. बिल्डरकडून दुरुस्ती व्हायला तीन आठवडे आणि पाच फोन लागले. आता आकडा १५च्या आसपास असतो, मी दर महिन्याला बघते. आपल्या स्वयंपाकात कुकर, फोडणी, भात, वाफ भरपूर. गॅस पेटवण्याआधी चिमणी चालू करायची, ही सवय सगळ्यांना लावली आहे.

ऊब उत्तम. सकाळी हीटिंग लावलं की वीस मिनिटांत खोली गरम होते, कारण भिंतींना स्वतःला तापायला फारसं काही नसतं. त्यामुळेच जूनमध्ये दुपारचं ऊन आलं की वरची खोली तितक्याच झटकन तापते. तिथे बाहेरून सावली करायला हवी होती.

पावलांचा आवाज खाली येतो, मुलगी वर धावली की कळतं. जाड गालिच्याने थोडा फरक पडला. पहिल्या वर्षी लाकूड आकसून जिन्याजवळ केसासारख्या भेगा पडल्या, त्या भरून घेतल्या.

देव्हारा भिंतीवर बसवताना फोटोंतून उभं लाकूड नेमकं कुठे आहे ते काढलं आणि स्क्रू त्यातच मारले. नुसत्या प्लास्टरबोर्डवर एवढा भार टाकू नका. आणि असं घर घेणार असाल तर बोर्ड लागण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो स्वतः काढा. आग पसरू नये म्हणून सांगाडा आणि विटा यांच्यातल्या पोकळीत बसवलेले अडथळे मात्र बाहेरून, वीटकाम होण्याआधीच दिसतात, त्यांचेही फोटो तेव्हाच काढा. आमच्या फोटोंत मागच्या भिंतीवरच्या एका खिडकीभोवतीचे नाहीत, ते तपासून घेण्याचं काम अजून बाकी आहे.