एसयू-टू वापरून पाहिलं: आधी पाचर, मग पंख

आमच्या प्रयोगशाळेतल्या विकतच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स संपलं, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत एसयू-टू हे हवेच्या प्रवाहाचं गणित सोडवणारं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झालेलं, 2012 पासून सगळ्यांसाठी खुलं, आणि फुकट.

माझी जुनी सवय अशी की नव्या सॉफ्टवेअरला आधी वहीत सुटणारं गणित घालायचं. त्यांच्याच सरावाच्या उदाहरणांत 10 अंशांची पाचर आहे, माख 2 च्या, म्हणजे ध्वनीच्या दुप्पट वेगाच्या, वाऱ्यात. कोष्टक म्हणतं, शॉकचा (पाचरीच्या टोकापासून निघणाऱ्या दाबाच्या तिरक्या लाटेचा) कोन 39.3 अंश, शॉकमागे माख 1.64. तयार फाइल न घेता मी आकडे स्वतः भरले, आणि कोन आला 40 च्या वर! मेश (गणितासाठी हवेचे तुकडे पाडणारं जाळं) बारीक केली, लिमिटर (शॉकजवळ आकडे उसळू न देणारी सोय) बदलला, अर्धा दिवस गेला. घोळ माझाच होता. तापमान 300 केल्विन दिलं आणि वेग सेकंदाला 680 मीटर. ध्वनीचा पाठ असलेला 340 हा वेग 15 अंश सेल्सिअसचा. 300 केल्विनला तो 347 होतो. म्हणजे मी माख 1.96 सोडवत बसले होते आणि सॉफ्टवेअर त्याचंच बरोबर उत्तर देत होतं. तिथेच माझा विश्वास बसला.

मग 5 टक्के जाडीचा डायमंड एअरफॉइल (पंखाचा चौकटच्या आकाराचा छेद), वाऱ्याला 2 अंश तिरका. ध्वनीपेक्षा वेगवान हवेतल्या पातळ पंखांसाठीचं आकेरेट यांचं 1925 चं सूत्र लिफ्टचा (वर उचलणाऱ्या बलाचा) गुणांक 0.081 देतं; एसयू-टू त्याला लागूनच आलं. ऑयलर समीकरणांत घर्षण धरलेलंच नसतं, तरी ड्रॅग (मागे ओढणारं बल) शून्य येत नाही. तो निव्वळ शॉकचा. हे फळ्यावर कितीही सांगा, पडद्यावर तिरक्या रेषा उमटल्या की मुलांना लगेच पटतं.

बटणं-खिडक्या मात्र विसरा. सगळा कारभार एका टेक्स्ट फाइलमधून. मेश जीमेशमध्ये करायची, चित्रं पॅराव्ह्यूमध्ये बघायची. सीएफएल आकडा (गणित एका पावलात किती पुढे जाईल ते ठरवणारा) हावरटपणे वाढवलात तर गणित फुटतंच. साधा लॅपटॉप असेल तर द्विमितीतच राहा. टर्ब्युलन्ससकट अख्खा पंख घेतलात तर पंख्याचा आवाज शेजारी जाईल.

पाचपैकी साडेचार. पुढच्या सत्रात मुलांना मी मुद्दाम 680 च देणार आहे.