स्वयंसिंचन कुंड्या: दहा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या वर्षी दिवाळीच्या महिनाभर आधी मी सात इंच व्यासाच्या सहा स्वयंसिंचन कुंड्या घेतल्या. त्याआधी गणपतीला आम्ही रत्नागिरीला गावी गेलो असताना घर बंद राहिले आणि दोन चांगली वाढलेली सिंगोनियमची रोपे वाळून गेली, हे या खरेदीचे कारण. पुण्यातला आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, बैठकीच्या खोलीला पूर्वेची मोठी खिडकी आहे आणि सगळी झाडे त्या खिडकीच्या आतल्या बाजूला असतात. आता ऑगस्ट संपत आला असल्यामुळे हिवाळा, उन्हाळा आणि बराचसा पावसाळा या कुंड्यांमध्ये झाडांनी काढला आहे. खोक्यावर ‘कोणतेही झाड, कोणतीही माती’ असे छापलेले होते. माझा अनुभव असा की झाड आणि माती, दोन्हींची निवड या कुंडीत साध्या कुंडीपेक्षा अधिक काळजीने करावी लागते. मात्र ज्या झाडाला ती मानवते त्याला फारच चांगली मानवते.

रचना साधी आहे. बाहेरच्या भांड्याच्या तळाशी सुमारे आठशे मिलिलिटर पाणी मावते, त्यावर आतली कुंडी बसते आणि तिच्या तळाच्या भोकातून एक जाड दोरी खाली पाण्यात सोडलेली असते. निरांजनातली वात तेल वर ओढते तशीच ही दोरी पाणी वर ओढते, म्हणून मी तिला वातच म्हणते. माती जसजशी वाळेल तसतसे पाणी वर चढते. कडेला पाणी भरण्याचे तोंड आणि त्यात पातळी दाखवणारी लाल तरंगकांडी आहे.

पहिली चूक मातीत झाली. खोक्यावरच्या मजकुरावर विश्वास ठेवून मी रोपवाटिकेतून आणलेली पोयट्याची माती आणि शेणखत भरले. तीन आठवड्यांत मनी प्लांटची खालची पाने एकामागून एक पिवळी पडली, आणि झाड उपसून पाहिले तेव्हा मातीला गटारासारखा वास येत होता. मुळे तपकिरी झाली होती आणि चिमटीत धरून ओढली की त्यांचे साल निघून आत नुसता दोरा उरत होता. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे मातीच्या कणांमध्ये ओल आणि हवा दोन्ही असण्याची स्थिती, ती या कुंडीत चिकट मातीला कधी येतच नाही, कारण वरून पाणी घालताना दोन पाण्यांच्या मध्ये जो सुकण्याचा काळ मिळतो तो इथे मिळत नाही. तेव्हापासून मी चार भाग कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), दोन भाग परलाइट (मातीत हवा खेळती ठेवणारे हलके पांढरे दाणे) आणि एक भाग गांडूळखत असे मिश्रण वापरते. कोकोपीटची साडेसहाशे ग्रॅमची वीट भिजवल्यावर ते दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्यात धुऊन पिळून घ्यावे. नारळाच्या सोडणात मुळातच क्षार असतात, आणि न धुतलेले कोकोपीट या बंद रचनेत घातले तर ते क्षार बाहेर जायला वाटच राहत नाही.

दुसरी गोष्ट माहितीपत्रकात असायला हवी होती, पण नव्हती. रोप नवे लावल्यावर पहिले तीन-चार आठवडे पाणी वरूनच द्यावे लागते, कारण मुळे अजून वातीपर्यंत उतरलेली नसतात. वातही आधी पूर्ण भिजवूनच बसवावी. कोरड्या वातीने सुरुवातीला पाणी ओढलेच नाही. दिवाळीला निघण्याच्या चार दिवस आधी घाईने कुंड्या भरून मी गेले असते तर सगळी रोपे हातची गेली असती. सुदैवाने मध्ये महिनाभराचा अवधी होता, बिघडलेले मिश्रणही वेळेत बदलता आले, आणि बारा दिवसांनी परत आलो तेव्हा सहाही झाडे टवटवीत होती. तळाच्या टाकीत पाव भाग पाणी शिल्लक होते.

आता झाडांविषयी. पीस लिलीसाठी ही कुंडी जणू मुद्दाम बनवली आहे. साध्या कुंडीत एप्रिलच्या दुपारी तिची पाने लुळी पडून कुंडीच्या कडेवर लोळायची, संध्याकाळी पाणी दिले की तासाभरात उभी राहायची, आणि या ओढाताणीत पानांची टोके करपायची. गेल्या उन्हाळ्यात ती एकदाही कोमेजली नाही, आणि फेब्रुवारीपासून तिला सात फुले आली; आधीच्या दोन वर्षांत मिळून तीन आली होती. सिंगोनियम आणि मनी प्लांट यांचीही वाढ दाट आहे. स्पायडर प्लांट वाढला भरपूर, पण त्याच्या जाड, मांसल मुळांनी सहा महिन्यांत आतली कुंडी इतकी भरली की माती वर उचलली गेली, आणि पानांची टोके तपकिरी झाली.

स्नेक प्लांट आणि झीझी यांना मात्र या कुंडीत ठेवू नये, हे मी ठामपणे सांगेन. स्नेक प्लांट आपली पर्णरंध्रे (पानांवरची सूक्ष्म छिद्रे) मुख्यतः रात्री उघडतो आणि त्यामुळे पाणी फार जपून वापरतो; झीझीच्या मातीखालच्या गाठींत पाण्याचा साठा असतो. ज्या झाडांना दोन पाण्यांमध्ये पूर्ण कोरडी माती हवी, त्यांना सतत ओल देणे म्हणजे त्यांना मारणेच आहे. जानेवारीत स्नेक प्लांटची दोन पाने बुडाशी मऊ पडून हातात आली. वाचलेली पाने मी मातीच्या साध्या कुंडीत लावली, झीझीलाही लगेच हलवले, आणि दोन्ही आता ठणठणीत आहेत.

स्पायडर प्लांटची टोके तपकिरी होण्याचे कारण मला उन्हाळ्यात उमगले. मार्चनंतर आमच्या सोसायटीत टँकरचे आणि बोअरचे पाणी मिसळते, आणि ते जड, म्हणजे क्षारयुक्त असते. पाणी खालून वर चढते, वरच्या थरातून वाफ होऊन जाते आणि क्षार मागे राहतात, त्यामुळे मे महिन्यात मातीवर मिठागरासारखा पांढरा थर दिसू लागला. आता मी महिन्यातून एकदा आतली कुंडी मोरीत नेऊन वरून दोन-तीन तांबे पाणी ओतते, पूर्ण निथळू देते आणि मग परत बसवते. पाणी देण्याचा त्रास वाचवायला घेतलेल्या वस्तूसाठी हे काम अनपेक्षित होते, पण ते टाळून चालत नाही.

पावसाळ्याचा अनुभव अधिक सविस्तर सांगायला हवा, कारण तो केवळ झाडांचा प्रश्न नाही. उन्हाळ्यात सहा-सात दिवसांत संपणारे पाणी जुलैमध्ये तीन आठवडे पुरते, म्हणजे तेच पाणी तीन आठवडे साचून राहते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पाणी भरताना मी तरंगकांडी काढून आत विजेरीचा प्रकाश टाकला, तर पाण्यात अळ्या वळवळत होत्या. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच घरातल्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. ज्या वस्तूत पाणी साठवणे हेच काम आहे, तिच्या भरण्याच्या तोंडाला झाकण नसावे ही मला गंभीर त्रुटी वाटते. मी त्या तोंडावर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा रबराने घट्ट बसवला आहे, आणि दर रविवारी सगळ्या टाक्या रिकाम्या करून, आतून घासून, उन्हात वाळवून मग भरते. घासणे महत्त्वाचे आहे, कारण एडिसची अंडी पाण्याच्या पातळीच्या वर भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहू शकतात. महापालिका आणि आरोग्य विभाग सांगतात तो आठवड्याचा कोरडा दिवस, म्हणजे पाण्याची भांडी रिकामी करून वाळवण्याचा दिवस, या कुंड्यांनाही लागू आहे. पावसाळ्यात ज्यांना हे जमणार नाही, त्यांनी जून ते ऑक्टोबर टाकी कोरडी ठेवून पाणी वरूनच द्यावे.

याच दिवसांत वरची माती सतत ओली राहिल्याने चिलटेही झाली. पिवळे चिकट कागद लावून आणि मातीवर बोटभर जाड वाळू पसरून ती आटोक्यात आली.

सोबत आलेली वात सुती होती. पाचव्या महिन्यात ती बुळबुळीत होऊन एका कुंडीत तुटली. मी सगळीकडे पॉलिस्टरची जाड नाडी घातली. ती अजून तशीच आहे. दोन कुंड्यांची तरंगकांडी शेवाळामुळे अडकते आणि टाकी रिकामी असताना भरलेली दाखवते, म्हणून मी आता कुंडी उचलून वजनावरूनच अंदाज घेते.

खोक्यावर घरातली हवा शुद्ध होते असाही दावा होता. त्याचे मूळ नासाच्या 1989 च्या प्रयोगांत आहे, पण ते प्रयोग लहान बंद पेट्यांमध्ये केलेले होते. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार, खिडक्या-दारांतून सहज होणाऱ्या वायुविजनाइतका परिणाम साधायला दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडे लागतील. सहा कुंड्या त्यासाठी घेऊ नयेत.

सध्या चार कुंड्या खिडकीत आहेत. मोकळ्या झालेल्या दोहोंपैकी एकीत मी पुदिन्याच्या काड्या लावून ती स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर ठेवली आहे; तिसऱ्या आठवड्यात फुटवे चांगले धरले आहेत आणि पाने अजून एकही पिवळी नाही. दुसरी कुंडी धुऊन ठेवली आहे. स्पायडर प्लांटची पिल्ले वेगळी करायची वेळ झाली आहे, त्यांतले एक तिच्यात लावेन, या वेळी कोकोपीट कमी आणि परलाइट जास्त घालून.