चार लिटरचा एअर फ्रायर हॉट डॉगच्या कसोटीवर: सॉसेजला पूर्ण गुण, पावाला तवाच बरा

हे परीक्षण एका ठरावीक घाटणीच्या यंत्राचं आहे. चार लिटरच्या आसपासचा ड्रॉवर, १४०० ते १५०० वॅट, वरच्या बाजूला कॉइल आणि पंखा, पुढे तापमानाचा एक आणि वेळेचा एक असे दोन डायल. फिलिप्सने २०१० मध्ये एअर फ्रायर बाजारात आणला आणि त्यानंतर हीच रचना थोड्याफार फरकाने अनेक कंपन्यांनी घेतली. साधारण चार ते आठ हजार रुपयांत असं यंत्र मिळतं. कसोटी मुद्दाम हॉट डॉगची लावली, कारण त्यात दोन उलट स्वभावाच्या वस्तू एकत्र येतात. सॉसेजला कोरडी, जोरकस उष्णता मानवते. पावाला तीच उष्णता दोन मिनिटांत वाळवून टाकते.

इंदुरातल्या वाचकांसाठी आधी एक खुलासा. छप्पन दुकानावरच्या जॉनी हॉट डॉगची चव डोळ्यांपुढे ठेवून हे यंत्र घेणार असाल तर थांबा. तो गोल बन, आत टिक्की, आणि सगळा जीव तव्यावरच्या शेकण्यात. एअर फ्रायरमध्ये स्निग्ध पदार्थ पावात मुरत नाही, पाव हवेने वरून सुकतो. ती चव घरी हवी असेल तर जाड बुडाचा तवाच हवा. पुढचं सगळं सॉसेज घातलेल्या लांब पावाच्या हॉट डॉगबद्दल आहे.

सॉसेज गोल असतं, त्यामुळे तव्याला त्याची एक रेघच टेकते. ती रेघ करपते, बाकीचं अंग फिकं राहतं, आणि फिरवायला गेलं की ते घरंगळत पुन्हा त्याच बाजूवर येतं. उकडलं तर मीठ आणि धुरकट चव पाण्यात उतरते. एअर फ्रायरमध्ये गरम हवा जाळीखालूनही फिरते, म्हणून रंग सगळीकडून चढतो आणि आतला रस आतच राहतो. या एका कामात हे यंत्र घरातल्या दुसऱ्या कुठल्याही साधनापेक्षा सरस आहे, यात आम्हाला शंका नाही.

फसगत होते ती इंग्रजी कृती जशीच्या तशी उचलल्याने. तिथे ४०० अंश फॅरनहाइट लिहिलेलं असतं, म्हणजे सुमारे २०४ सेल्सियस, आणि ते सॉसेज बीफचं किंवा पोर्कचं, ४५ ग्रॅमच्या आसपासचं असतं. अमेरिकी नियमात त्यात ३० टक्क्यांपर्यंत चरबी चालते. ती चरबी वितळून सॉसेजला बाहेरून आपोआप तेल लावते. आपल्याकडे फ्रीझरमधून मिळणारं चिकन सॉसेज बहुधा बारीक आणि कमी चरबीचं. त्याला २०० अंशांवर ठेवलं की साल आक्रसते, टोकं काळी पडतात आणि आतला भाग रबरासारखा होतो. म्हणून तापमान १९० वर आणावं आणि तेल ब्रशने लावावं, सहा सॉसेजना अर्धा छोटा चमचा पुरतं.

सॉसेज आदल्या रात्री फ्रीझरमधून काढून खाली फ्रिजमध्ये ठेवावीत. घाई असेल तर बंद पाकीट गार पाण्यात अर्धा-पाऊण तास बुडवावं. मे महिन्यातल्या इंदुरात ओट्यावर उघडी ठेवून वितळवू नयेत. बाहेरचा भाग गरम होऊन बिघडायला लागतो तेव्हा मधला अजून बर्फच असतो. वितळल्यावर फडक्याने कोरडी पुसावीत. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग रंग येत नाही म्हणून तापमान वाढवतात. अंगावरचं पाणी उडून जाईपर्यंत पृष्ठभाग १०० अंशांच्या वर जात नाही आणि तोवर तांबूसपणा येऊच शकत नाही.

मग सुरीने तिरप्या तीन-चार खाचा, दोन-तीन मिलिमीटर खोल, एकाच बाजूला. आतल्या वाफेला वाट मिळते, नाहीतर साल मनाला येईल तिथे फाटते. खाचांच्या कडा कुरकुरीत होतात आणि मोहरीची चटणी त्यात धरून राहते, हा वरचा फायदा. चीज भरलेल्या सॉसेजला मात्र खाच अजिबात देऊ नये. ती १७० अंशांवरच करावीत, नाहीतर चीज जाळीखाली आणि हातात पोकळ नळी.

यंत्र तीन मिनिटं रिकामं तापवून घ्यावं. सॉसेज एका थरात, मध्ये बोटभर अंतर ठेवून मांडावीत. या आकाराच्या ड्रॉवरमध्ये सहा-सात मावतात. दहा कोंबली तर हवा अडते आणि मधली फिकी राहतात. १९० अंशांवर सहा मिनिटं, चौथ्या मिनिटाला ड्रॉवर काढून हलवावा. अंगठ्यापेक्षा जाड असतील तर आठ ते नऊ. दुसऱ्या खेपेला यंत्र आधीच तापलेलं असतं, एक मिनिट कमी करावं.

पाकिटावर सॉसेज आधीच शिजवलेलं आहे की कच्चं, हे वाचल्याशिवाय वेळ ठरवू नये. शिजवलेलं फक्त आतपर्यंत कढत करायचं असतं. कच्चं १८० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटं घेतं आणि मधोमध ७४ अंश गाठायलाच हवेत. सुईचा थर्मामीटर असेल तर टोकाकडून लांबीत खुपसावा. रंगावर विसंबू नये, कारण नायट्राइट (मांस टिकवणारं रसायन) घातलेलं मांस पूर्ण शिजलं तरी गुलाबीच दिसतं. गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस खाणार असेल तर शिजवलेलं सॉसेजही वाफा येईपर्यंत तापवावं. लिस्टेरिया नावाचा जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढतो.

सोया किंवा पनीरचं शाकाहारी सॉसेज वेगळं हाताळावं लागतं. त्याला बहुधा साल नसते, खाच दिली की तुकडे पडतात. ते न वितळवता थेट जाळीवर ठेवावं, तेल सढळ, १८० अंशांवर आठ मिनिटं, आणि हलवण्याऐवजी चपट्या उलथन्याने एकदा उलटावं. आणखी दोन मिनिटं ठेवायचा मोह होतो, पण मग आत भुसा होतो. बटाट्याची टिक्की घालायची असेल तर सारणात पोहे किंवा तांदळाचं पीठ घालून वळावी, अर्धा तास फ्रिजमध्ये घट्ट करावी, आणि १९० वर बारा ते चौदा मिनिटं द्यावीत. बेसनाच्या किंवा मैद्याच्या पातळ पिठात बुडवलेलं काहीही इथे ठेवू नये. कढईत तेल पिठाला क्षणात धरतं. इथे ते धरायच्या आधीच जाळीतून गळतं. काडीवरचं कॉर्न डॉग, म्हणजे पिठात बुडवून तळलेलं सॉसेज, म्हणूनच या यंत्रात घरच्या पिठाने होत नाही.

आता पाव. पंख्याचा झोत इतका असतो की सुटी वरची फाक उडून कॉइलला चिकटते आणि जळका वास सुटतो. पाव पूर्ण कापू नये, एक कड जोडलेली ठेवावी. आतून लोणी, बाहेरून पाण्याचा हात, मध्ये शिजलेलं सॉसेज वजनासारखं, आणि १६० अंशांवर दीड मिनिट. दोन मिनिटांना कवच टोस्टसारखं होतं आणि चावताना पाव मोडतो. चीजची चकती सॉसेजच्या खाली दडपावी, वर ठेवली की उडते. एवढं सांभाळूनही निकाल मध्यमच. तव्यावर अर्धा चमचा लोण्यात कापलेली बाजू चाळीस-पन्नास सेकंद शेकली तर आत खमंग आणि बाहेर मऊ असा पाव मिळतो, आणि तेवढ्या वेळात सॉसेज तिकडे होत असतात. आमचा सल्ला हाच: दोन्ही एकाच वेळी, वेगवेगळ्या ठिकाणी.

जिरावण (इंदुरी पोह्यांवर भुरभुरतात तो मसाला), शेव, कांदा हे सगळं शेवटी. मसाला आधी भुरभुरला तर निम्मा हवेने उडतो आणि उरलेला करपून कडवट होतो. गरम सॉसेजवर, ड्रॉवरमधून काढल्या काढल्या चिमूटभर जिरावण घातलं तर तेलाच्या ओलाव्याला छान धरतं.

यंत्राचे दोष दोन, आणि दोन्ही हॉट डॉगला नेमके भोवतात. पहिला, डायलचा वेळ. चावीवर चालणारा टायमर पाच मिनिटांच्या खाली ढिला असतो. दहाच्या पुढे फिरवून मग मागे सहावर आणला तर बरा चालतो. ड्रॉवर बाहेर काढल्यावर उष्णता थांबते, पण बऱ्याच डायलवाल्यांत टायमर चालूच राहतो, म्हणजे हलवण्यात गेलेली मिनिटं शिजण्यातून वजा. डिजिटल पॅनेलमध्ये एकेका मिनिटाची नेमकी निवड असते. सारखे असेच झटपट पदार्थ होत असतील तर वरचे पैसे तिथे घालावेत. दुसरा, जाळीखालची चरबी. ती तशीच राहिली तर पुढच्या वेळी २०० अंशांवर पांढरा धूर येतो. कोमट पाणी आणि साबण घालून दहा मिनिटं भिजवावं, मऊ स्पंजने पुसावं. तारेची घासणी आणि स्टीलचा चिमटा जाळीवरचा न चिकटणारा लेप खरवडतात; सिलिकॉनचा किंवा लाकडी चिमटा ठेवावा.

विजेचं गणित सोपं आहे. १५०० वॅटचं यंत्र आठ मिनिटं सलग चाललं तरी ०.२ युनिट. पण २३० व्होल्टवर ते साडेसहा अँपिअर ओढतं, म्हणून १६ अँपिअरचा पॉवर सॉकेटच हवा. अॅडॉप्टर लावून छोट्या सॉकेटवर चालवलं की प्लग तापतो. मागे दहा सेंटिमीटर मोकळी जागा सोडावी, गरम हवा तिथूनच बाहेर पडते.

तीन-चार माणसांच्या घराला हा आकार बरोबर बसतो. बारा जणांचा वाढदिवस असेल तर दोन खेपांत पहिली गार होते, तिथे मोठा तवा घ्यावा. घ्यायला गेलात तर पेटीवरच्या लिटरांवर जाऊ नका. लिटर उंचीतूनही वाढतात आणि सॉसेजला उंचीचा उपयोग नाही. दुकानात ड्रॉवर ओढून जाळीचा सपाट तळ टेपने मोजा. वीस सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर लांब पाव त्यात तिरका ठेवावा लागेल, आणि एका वेळी दोनच मावतील.