सोनेरी पिवळ्या हॉलचे 70,000 रुपये

आधी आकडे सांगते. अ‍ॅडव्हान्स 30,000, मग "मटेरियल उचलायचंय" म्हणून 25,000, हॉल झाल्यावर 15,000. एकूण 70,000 रुपये, सगळे यूपीआयने, आणि तेही आम्हाला फसवणाऱ्या पेंटरच्या नव्हे, त्याच्या मेहुण्याच्या खात्यात. घर डोंबिवलीत, 640 फूट कार्पेटचं टू बीएचके. बेडरूम ऑफ-व्हाइट, हॉल आणि पॅसेज सोनेरी पिवळा. आज त्या पिवळ्या भिंतीला टेकून बसलं की ब्लाउजची पाठ पिवळी होते.

हा माणूस काही रस्त्यावरून उचलून आणलेला नव्हता. आमच्याच बिल्डिंगमधल्या दोघांची कामं त्याने केलेली. शेड कार्ड घेऊन आला, ताई-ताई करत चहा प्यायला, कोपऱ्यातली ओल स्वतःहून दाखवली. नावाजलेल्या कंपनीचं प्रीमियम इमल्शन, म्हणजे पुसता येणारा टिकाऊ रंग, एक हात प्रायमर, दोन हात रंग, 24 रुपये फूट विथ मटेरियल. पिवळ्याला डार्क शेड म्हणून 700 फुटांवर 6 रुपये जादा, म्हणजे 4,200. हे जादा मागणं खोटं नसतं. पिवळा रंग नीट झाकत नाही, खालचं डोकावतं, तिसरा हात मारावाच लागतो. मला हे माहीत होतं, म्हणूनच मी हो म्हटलं. अर्धवट माहिती असलेलं गिऱ्हाईक त्यांना फार आवडत असावं.

मोजमापात त्याने भिंती-छत मिळून 2,910 फूट लावले. कार्पेटच्या साडेतीन पट हा ठोकताळा धरला तर 2,240 होतात. म्हणजे 670 फूट हवेत रंगवले, 16,080 रुपयांचे. हो, मी शाळेत गणित शिकवते, आणि ते घरातल्या प्रत्येकाने मला ऐकवून झालंय. सहामाहीचे पेपर टेबलावर पडलेले, टेपचं दुसरं टोक धरायला त्याचाच पोरगा. मोजताना टेपचं एक टोक तुमच्या हातात ठेवा, बस.

आता तो क्षण. बाल्कनीत त्याचा पोरगा बादलीवर ओणवा होऊन बसला होता. बादली कंपनीचीच, पण झाकणाची रिंग आधीच कापलेली. आत पांढराफटक रंग. शेजारी स्टेनरच्या, म्हणजे रंगात मिसळायच्या गडद रंगाच्या, छोट्या बाटल्या, चार-पाच रिकाम्या, आणि तो पोरगा लाकडी पट्टीने पिवळं ढवळतोय. मी विचारलंसुद्धा, गप्प बसले नाही. तर म्हणे, "ताई, मशीनचा कलर जरा फिका येतो, म्हणून वरून मारतो." आणि मला वाटलं, याला जास्त कळतं! अहो, गडद सोनेरी पिवळा पांढऱ्या बेसमधून, म्हणजे मूळ रंगातून, निघतच नाही. पांढऱ्यात पिवळा घातला की लिंबू सरबत होतं. गडद शेडला दुकानदार वेगळा बेस घेतो, मशीनवर टिंट करतो आणि शेडचा कोड, बेस, तारीख असलेलं स्टिकर झाकणावर चिकटवतो. आमच्या झाकणावर मार्करने "हॉल" लिहिलं होतं. मी ते वाचलं आणि आत जाऊन पेपर तपासले. कोण झाकणं वाचत बसतं हो?

बादलीत होता स्वस्तातला डिस्टेंपर, खडूच्या भुकटीचा हलका रंग. स्टेनर इतका ओतला की रंगाची पकडच गेली. प्रत्येक बादलीचा रंग वेगळा: सोफ्यामागे लिंबू, टीव्हीमागे केशरी. विचारलं तर म्हणाला, लाइटमुळे दिसतं तसं. लाइटने फरक पडतो हे खरंच आहे, पिवळ्या बल्बखाली हा रंग आणखी तापतो आणि पांढऱ्या ट्यूबखाली हिरवट मारतो, पण एकाच भिंतीवर एकाच बल्बखाली? ओलं फडकं कोपऱ्यात घासून बघा, हातात रंग आला तर पुढचा हप्ता देऊ नका. मी बघितलं ते 15,000 गेल्यानंतर. त्याच्या हिशोबाने 74,040 होत होते. राहिलेले 4,040 मी दिले नाहीत, एवढंच काय ते माझ्याकडे.

आणि रिकाम्या बादल्या! "ताई, घाण आम्हीच उचलतो," म्हणत सगळ्या घेऊन गेला. मी वर थँक्यू म्हटलं. पुढच्या घरी त्यातच डिस्टेंपर भरणार, दुसरं काय. बादल्या घरातून हलू देऊ नका, पाणी भरायला ठेवा.

कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केला तर झाकणावरचा बॅच नंबर मागतात. झाकण चोर घेऊन गेलाय हे दर वेळी नव्या माणसाला पहिल्यापासून सांगायचं. मग ईमेल येतो की आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे, आणि तक्रार बंद. पोलीस चौकीत तर कमालच. "मॅडम, सिव्हिल मॅटर आहे. रंग तर लागलाय ना भिंतीला?" फसवणुकीचं कलम आता 318 आहे, पूर्वीचं 420, हे मी छापून नेलं होतं. साहेबांनी त्या कागदावर चहाचा ग्लास ठेवला. अर्जाची पोच मागितली तर शिक्का कपाटात आणि किल्लीवाले बंदोबस्तावर. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, आम्हाला विचारून ठेवला होता का? विचारूनच ठेवला होता, त्यांच्याच मेव्हणीच्या फ्लॅटचं काम बघून!

जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत फी नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. पण नोटीस बजावायला पत्ता लागतो. माझ्याकडे फक्त एक मोबाइल नंबर आणि मेहुण्याचं नाव. बिल मागितलं तेव्हा "बिल हवं तर 18 टक्के वरून" म्हणाला होता. ते वाचवले मी. तुम्ही भरा, कागदावर सही आणि पत्ता घ्या. आधार कार्डाचा फोटो मागायला लाजू नका, मी लाजले.

नवीन पेंटर म्हणतो, यावर थेट चांगला रंग बसणार नाही, पापुद्रे निघतील. सगळं खरवडून, प्रायमर मारून फक्त हॉल-पॅसेजचे 31,500.

मला त्याने ब्लॉक केलंय. पण परवा नणंदेच्या फोनवर त्याचं स्टेटस आलं: "गोल्डन यलो प्रीमियम फिनिश, बुकिंग चालू". फोटोत आमचाच हॉल, रंग ओला असतानाचा. कल्याण, अंबरनाथ, बदलापूरकडे कोणी तुम्हाला पिवळ्या हॉलचा फोटो दाखवला आणि त्यात उजवीकडे शिलाई मशीन, वर गणपतीची लाकडी चौकट असेल, तर तो हॉल माझा आहे. येऊन भिंतीवरून हात फिरवून जा.