‘ट्रेंड सिस्टर’ म्हणून घरी कोण आलं

माझी आई ८१ वर्षांची. गेल्या वर्षी श्रावणात बाथरूममध्ये पाय घसरून पडली आणि उजव्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आठव्या दिवशी डिस्चार्ज मिळाला. घरी मी एकटी. नवरा बदलीच्या गावी, भाऊ परदेशात, आणि माझी रजा संपत आलेली. आईला वीस वर्षांपासून डायबेटिस आहे, दोन वेळा इन्सुलिन लागतं. त्यामुळे नुसती बाई ठेवून चालणार नव्हतं, नर्सच हवी होती.

डिस्चार्जच्या दिवशी बिल भरायच्या रांगेत एका वॉर्डबॉयने माझ्या हातात कार्ड ठेवलं. “ताई, पेशंटला घरी सिस्टर लागेल ना? ह्यांच्याकडे सगळ्या ट्रेंड असतात.” हॉस्पिटलच्या आतल्या माणसाने दिलेलं कार्ड, म्हणून मी ते हॉस्पिटलनेच दिल्यासारखं धरलं. त्या कार्डाचा हॉस्पिटलशी काहीएक संबंध नव्हता, हे मला नंतर कळलं. त्याला त्यात कमिशन मिळत असणार.

ते कार्ड एका ब्युरोचं होतं, म्हणजे घरी सिस्टर पुरवणाऱ्यांचं. ब्युरोवाल्या मॅडम फोनवर अतिशय गोड बोलल्या. “काकूंचं वय काय, शुगर किती, कॅथेटर आहे का,” असं सगळं विचारलं. त्या प्रश्नांनीच माझा विश्वास बसला. २४ तासांच्या ट्रेंड सिस्टरचे दिवसाला १,८०० रुपये, १५ दिवसांचे आगाऊ, १०,००० डिपॉझिट आणि २,००० नोंदणी. म्हणजे माणूस दारात यायच्या आधीच ३९,००० रुपये गेले. तेही एका व्यक्तीच्या नावावरच्या क्यूआर कोडवर, संस्थेच्या खात्यात नाही. “तुमचं रजिस्टर्ड आहे ना?” असं मी विचारलं होतं. त्यांनी लगेच व्हॉट्सॲपवर शिक्क्याचा एक कागद पाठवला. तो शॉप ॲक्टचा होता. किराणा दुकानाला किंवा झेरॉक्सवाल्याला जो मिळतो तोच. महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे कामगार थोडे असतील तर नुसती सूचना दिली तरी पुरते. आजाऱ्याची काळजी घेण्याची पात्रता त्या कागदाने कुणालाच मिळत नाही. हे तेव्हा माहीत असतं तर मी तिथेच थांबले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी आली. वीस-बावीस वर्षांची, पांढरा ॲप्रन, केस नीट बांधलेले, हातात बीपीचं मशीन. आईने तिला पहिल्याच दिवशी ‘बाळा’ म्हणायला सुरुवात केली. मॅडमनी तिच्या नर्सिंग रजिस्ट्रेशनचा फोटोही पाठवला होता. त्यावरचं नाव आणि आधार कार्डावरचं नाव मी शेजारी ठेवून वाचलंच नाही. आडनाव वेगळं होतं.

मुलगी वागायला चांगली होती, हे मला आवर्जून सांगायचंय. आईला वेळेवर भरवायची, केस विंचरायची, तिच्याशी बोलायची. पलंगाशेजारी एक वही ठेवली होती, त्यात दिवसातून तीनदा बीपी, नाडी, ऑक्सिजन लिहायची. मी कामावरून आले की ती वही चाळायची आणि निश्चिंत व्हायची.

ती वही आजही माझ्याकडे आहे. तेवीस दिवस, तीन वेळा, निळ्या पेनाने, सुवाच्य अक्षरात: १२०/८०, ७२, ९८. पुढच्या ओळीत पुन्हा १२०/८०, ७२, ९८. पानंच्या पानं. माझ्या आईचं बीपी गोळी घेऊनही १४० च्या खाली क्वचितच असतं. हे मला माहीत होतं, डोळ्यांसमोर होतं, तरी दिसलं नाही.

पहिला धक्का इन्सुलिनचा. घरात होत्या त्या लाल टोपीच्या सिरिंजा संपल्या, तेव्हा मुलीने मेडिकलमधून नव्या आणल्या. त्यांची टोपी नारिंगी होती. आपल्याकडे इन्सुलिनच्या बहुतेक बाटल्या ४० युनिटच्या असतात, म्हणजे एका मिलीत ४० युनिट. त्यांना लाल टोपीची, ४० च्या खुणांची सिरिंज लागते. नारिंगी टोपीची १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी असते. ४० ची बाटली आणि १०० ची सिरिंज असं झालं, तर १६ च्या खुणेपर्यंत भरूनही अंगात जातात साडेसहाच्या आत युनिट. आईला आठवडाभर तेच मिळत होतं. साखर ३८० वर गेली, तेव्हा डॉक्टरांनी फोनवर पहिला प्रश्न टोपीच्या रंगाचा विचारला. उलटं झालं असतं, १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजने दिलं गेलं असतं, तर अडीचपट डोस जाऊन आई झोपेतच जाऊ शकली असती. नर्सिंग शिकलेल्या व्यक्तीची ही चूक सहसा होत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी मॅडमना फोन केला. “नवीन आहे हो, सांगते तिला,” म्हणाल्या. आणि मी ऐकून घेतलं. पुढच्या १५ दिवसांचे २७,००० त्याच संध्याकाळी भरले, कारण दुसऱ्या दिवशी मला ऑफिसला जायचं होतं.

तेविसाव्या दिवशी फिजिओथेरपिस्ट आले होते. आईला कुशीवर वळवताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “ताई, जरा इकडे या.” गाऊन पाठीला चिकटला होता. माकडहाडाच्या वर, पाच रुपयांच्या नाण्याएवढी जखम, मध्ये काळी, कडेने ओली. खोलीत दोन दिवस जो वास येत होता, तो मी डायपरचा समजत होते.

दुसऱ्या दिवशी सर्जननी मेलेली कातडी काढली. करंगळीचं एक पेर आत जाईल इतकी खोल होती. बेडसोरच्या, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेच्या, चार पायऱ्या असतात, ही तिसरी, असं त्यांनी सांगितलं. पहिल्या पायरीला फक्त लाल चट्टा असतो. बोटाने दाबला तर निरोगी कातडीचा लालपणा क्षणभर पांढरा पडतो, हा पडत नाही. तेव्हाच त्या जागेवरचा भार काढला तर पुढचं सगळं टळू शकतं. सावळ्या अंगावर लाली नीट दिसत नाही, म्हणून हाताने ती जागा गरम लागते का, कडक लागते का, तेही बघायचं. झोपून असलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची, पोटऱ्यांखाली उशी अशी द्यायची की टाच गादीला टेकणार नाही, माणसाला गादीवर ओढायचं नाही, खालच्या चादरीसकट उचलून सरकवायचं. आमच्याकडे भाड्याची एअर गादी होती. तिच्या भरवशावर कूस बदलायचं राहून गेलं तरी चालतं, असा माझाही समज होता. तो चुकीचा आहे. आणि शेजारच्या काकूंनी प्रेमाने आणून दिलेली हवेची रिंग? तिने कडेच्या कातडीचा रक्तपुरवठा दाबला जातो, ती वापरू नका, असं सर्जननी बजावलं.

आईला दुखत नव्हतं का? दुखत होतं. “पाठीला आग होतेय,” असं ती मला दोनदा म्हणाली होती. मी म्हटलं, पडून पडून होतं गं. तिला माझ्याकडून साफसफाई करून घ्यायची लाज वाटायची, ‘सिस्टर आहे ना, ती बघेल’ म्हणायची. आणि तक्रार केली तर मी नोकरी सोडेन, ही भीती. ते तिने मला जखम धुताना सांगितलं. त्या दिवशी मी बाहेर गॅलरीत जाऊन रडले.

त्या रात्री मी मुलीला समोर बसवलं. मला खूप राग आला होता. पण ती थरथर कापत होती. म्हणाली, “ताई, मी दहावी नापास हाय. लातूरकडून कामाला आले. मॅडमनी तीन दिवस शिकवलं. बीपी बघायचं, डायपर बदलायचं. वहीत काय लिहायचं तेबी त्यांनीच सांगितलं. आज्जींचा पाय ऑपरेशनचा हाय, वळवला तर निखळंल म्हणून मला हात लावायची भ्या वाटायची.” दोन गुडघ्यांमध्ये उशी ठेवून कसं वळवायचं, हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं. पाठ लाल दिसली तेव्हा तिने त्यावर पावडर टाकून जोरात चोळलं होतं, चांगलं व्हावं म्हणून. लाल झालेली जागा चोळल्याने आतली कातडी आणखी फाटते. मी देत होते त्या १,८०० मधले तिला ४०० मिळत होते. आणि तिचा शाळेचा मूळ दाखला मॅडमनी कपाटात ठेवून घेतला होता.

मी ज्यांना नर्स समजून पैसे दिले, त्यांनी मला नर्स दिलीच नव्हती. फसवणूक नेमकी ही होती. आपण घरात ‘सिस्टर’ हा शब्द सगळ्यांनाच लावतो, आणि ब्युरोवाले त्यावरच पैसे कमावतात. नर्स म्हणजे एएनएम (दोन वर्षं), जीएनएम (तीन वर्षं) किंवा बीएस्सी नर्सिंग (चार वर्षं) शिकलेली आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंद असलेली व्यक्ती. काही महिन्यांचा कोर्स केलेल्या असतात त्या अटेंडंट, त्यांना जीडीए म्हणतात. त्या भरवणं, आंघोळ, उठवणं-बसवणं उत्तम करतात आणि पुष्कळ घरांना तेवढंच हवं असतं. आणि काहीच न शिकलेल्या, तीन दिवसांत ॲप्रन घातलेल्याही असतात. तिघींचा ॲप्रन सारखाच पांढरा.

म्हणून फोनवर ‘ट्रेंड आहे का’ असं विचारू नका, त्याचं उत्तर ‘हो’ हेच येतं. कोर्सचं नाव, कॉलेज आणि कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा. नूतनीकरण चालू आहे का ते बघा, कौन्सिलकडे क्रमांक पडताळा, आणि नाव-फोटो आधार कार्डाशी जुळवा. आल्या दिवशी तुमच्यासमोर कूस बदलायला आणि इन्सुलिन भरायला सांगा. जिला येतं तिला त्याचा राग येत नाही. आमच्याकडे आता येणाऱ्या सिस्टरांनी पहिल्या दिवशी आधी स्वतः बाटलीवरचा ४० चा आकडा मला मोठ्याने वाचून दाखवला. पोलीस पडताळणीही करून घ्या, ती मागितली की काही ब्युरो परत फोनच करत नाहीत.

पावतीचं वेगळं सांगते, कारण माझं तिथेच अडलं. माझ्या पावतीवर ‘पेशंट केअर सर्व्हिस चार्जेस’ एवढंच होतं, नर्स हा शब्द कुठेच नाही. मी उरलेल्या सात दिवसांचे १२,६०० आणि डिपॉझिटचे १०,००० मागितले, तेव्हा मॅडमचं गोड बोलणं संपलं. “आम्ही नर्स देतो असं कुठे लिहिलंय, दाखवा.” पोलीस चौकीत ‘ही दिवाणी बाब आहे’ म्हणून अर्ज ठेवून घेतला. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि वकिलांकडून नोटीस पाठवली. माझ्या बाजूने एकच गोष्ट होती: व्हॉट्सॲपवर त्यांनी स्वतः लिहिलं होतं, ‘जीएनएम सिस्टर पाठवत आहे’, आणि दुसऱ्याच कुणाच्या रजिस्ट्रेशनचा फोटो. नोटिशीनंतर अकरा दिवसांत २२,६०० परत आले. बाकीच्या पैशांसाठी आणि जखमेच्या खर्चासाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. मोबदल्याची, म्हणजे आपण सेवेसाठी भरलेली, रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क नाही, आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. तेव्हा बोलणं फोनवर झालं तरी शेवटी एक मेसेज टाका: कुठल्या शिक्षणाची व्यक्ती, किती तास, किती रुपये, सोडल्यास डिपॉझिट किती दिवसांत परत. आणि तो डिलीट करू नका.

ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे, सकाळी ८ ते रात्री ८. मी तिथे फोन केला तेव्हा पलीकडच्या बाईंनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तेवढ्यानेही मला त्या दिवशी बरं वाटलं.

त्या मुलीच्या दाखल्यासाठी माझ्या वकिलांनी त्याच नोटिशीत एक परिच्छेद घातला होता. दाखला कुरिअरने माझ्या पत्त्यावर आला, तो मी तिला गावी पाठवला.

जखम भरायला साडेचार महिने लागले. एक दिवसाआड ड्रेसिंग, साखर ताब्यात, आणि रोज दोन अंडी, डाळ, पनीर, कारण प्रोटीन पोटात गेल्याशिवाय मांस भरत नाही. आईने उभ्या आयुष्यात अंडं खाल्लं नव्हतं. डोळे मिटून, नाक दाबून तिने ते खाल्लं.

आता ती वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत जाते. बाथरूममध्ये दोन्ही बाजूंना स्टीलच्या दांड्या बसवल्यात, ज्या पडायच्या आधी हव्या होत्या. रोज रात्री दहाला मी तिच्या खोलीत जाते, तर ती पलंगाचा कठडा धरून आपणहून कुशीवर वळलेली असते. “हं, लाव बॅटरी,” म्हणते. मी मोबाइलचा उजेड धरते, भरून आलेल्या त्या गुलाबी कातडीच्या कडेला बोट दाबते, आणि ती पांढरी पडून पुन्हा रंग येईपर्यंत तिथेच थांबते.