नव्या गाडीचं इंजिन आणि वॉरंटी: बडोद्यातल्या अधिकृत वर्कशॉप सेवेचं परीक्षण

वर्षभराची, दहा-बारा हजार किलोमीटर चाललेली गाडी धावता धावता बंद पडते आणि पुन्हा सुरू होत नाही. वॉरंटी शिल्लक आहे. अशा वेळी बडोद्यातल्या अधिकृत वर्कशॉपमधून प्रत्यक्षात काय मिळतं, त्याचं हे परीक्षण. कुठल्या एका कंपनीचं नाव घेत नाही, कारण काउंटर वेगळे असले तरी आतली पद्धत बरीचशी सारखी आहे. मत आधीच सांगतो. इंजिन बदलून बसवण्याचं काम ही वर्कशॉपं चांगलं करतात. इंजिन कशामुळे गेलं हे शोधण्याचं काम घाईत होतं, आणि शोधलेलं कागदावर लिहून देण्याचं काम सगळ्यांत कच्चं आहे. पाचपैकी तीन तारे. गेलेले दोन्ही तारे कागदाचे आहेत. वॉरंटीचा दावा मंजूर होणं न होणं बहुतेकदा त्याच कागदावर ठरतं, म्हणून ते इतके महाग.

सेवा सुरू होते ती वर्कशॉपच्या फाटकाशी नाही, गाडी बंद पडली तिथे. त्या क्षणी सगळ्यांत मोठं नुकसान किल्लीने होतं. बंद पडण्याआधी ऑइलचा लाल दिवा लागला असेल, इंजिनातून ठोके ऐकू आले असतील किंवा गाडी पाण्यातून गेली असेल, तर एकदाही सेल्फ मारू नका. यातलं काहीच नसेल तर एकदाच, दोन-तीन सेकंद मारा आणि फक्त आवाज ऐका. नेहमीच्या लयीत इंजिन फिरतंय पण पेटत नाही, तर बिघाड बहुधा पेट्रोलचा, क्रँक सेन्सरचा (इंजिन कसं फिरतंय हे गाडीच्या संगणकाला कळवणारा सेन्सर) किंवा वायरिंगचा. इंजिन शाबूत असण्याची शक्यता मोठी. स्टार्टर हलका, भरभर, एकसुरी फिरतोय, दाबाचा धक्काच जाणवत नाही, तर टायमिंग चेन किंवा बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारा दुवा, गेल्याचा संशय घ्या. ‘टक’ करून जागीच अडकलं, तर बॅटरी आणि स्टार्टर ठीक असताना दोनच मोठे अर्थ उरतात: आत पाणी आहे किंवा इंजिन सीझ झालंय, म्हणजे आतून जाम झालंय. या आवाजाचा मोबाइलवर दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्या, डॅशबोर्डवरचे दिवे आणि किलोमीटरचा आकडा त्यात येऊ द्या. पुढे महिनाभर चालणाऱ्या वादात हा व्हिडिओ मोलाचा ठरतो.

अहमदाबाद-बडोदा एक्स्प्रेसवेवर असाल तर १०३३ वर फोन करून गाडी आधी लेनमधून बाजूला घ्या. वर्कशॉपपर्यंत नेण्यासाठी कंपनीच्या रोडसाइड असिस्टन्सलाच सांगा, आणि गाडी पूर्ण चढवता येईल अशी फ्लॅटबेड मागा. साधं टोचन नको. मॅन्युअल गाडी गिअरमध्ये राहिली आणि तशीच ओढली गेली, तर चाकं इंजिन फिरवतात. आत आधीच वाकलेला कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) असेल, तर तो मग ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, फोडून बाहेर येऊ शकतो. टोचनाची पावतीही जपून ठेवा. तिच्यावरच्या वेळेवरून गाडी बंद पडल्यावर पुन्हा चालवली नव्हती हे दिसतं.

आता जॉब कार्ड, म्हणजे गाडी आत घेताना वर्कशॉप तक्रार लिहून घेतं तो कागद. काउंटरवर तुम्ही ‘चालती गाडी बंध थई गई’ म्हणून सांगता आणि अ‍ॅडव्हायझर लिहितो ‘नॉट स्टार्टिंग’. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘नॉट स्टार्टिंग’मध्ये बॅटरी उतरण्यापासून काहीही बसतं, वेग किती होता, दिवा कोणता लागला, आवाज आला का, सगळं पुसलं जातं. तक्रारीच्या रकान्यात हे लिहून घ्या: अंदाजे वेग, रस्ता, लागलेले दिवे त्यांच्या क्रमाने, आवाज, धूर, किलोमीटर, इंधनाची पातळी आणि ‘बंद पडल्यावर सेल्फ मारलेला नाही’ किंवा ‘एकदाच मारला’. हाच मजकूर त्याच दिवशी कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेलने पाठवा. अ‍ॅडव्हायझर बहुतेक ठिकाणी सौजन्याने वागतात, चहा-पाणी विचारतात. पण त्यांचं माप दिवसाला किती गाड्या आत घेतल्या यात होतं, त्यामुळे हे वाक्य आपण आग्रह धरल्याशिवाय लिहिलं जात नाही.

तपासणीचा क्रम हा या सेवेचा गाभा, आणि आमची खरी तक्रार इथेच आहे. सगळ्यांत आधी स्कॅनर लागला पाहिजे, बॅटरी काढण्याच्या आणि गाडीच्या संगणकात साठलेले दोषाचे कोड पुसण्याच्या आधी. कोडसोबत ‘फ्रीझ फ्रेम’ साठवलेली असते: दोष उमटला त्या क्षणी आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) किती, वेग किती, कूलंटचं तापमान किती, इंजिनावर भार किती. पी००१६ म्हणजे क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांचा मेळ सुटलाय, बोट टायमिंगकडे. पी०५२४ म्हणजे ऑइलचा दाब पडलाय. पी००८७ म्हणजे इंधनाचा दाब अपुरा. पी०३३५ क्रँक सेन्सरचा, आणि तो एकटाच असेल तर इंजिन खोलण्याची घाई करू देऊ नका. कोड पुसून ‘परत येतात का बघू’ म्हणणारा मेकॅनिक फ्रीझ फ्रेमही पुसून टाकतो. म्हणून छापील रिपोर्ट किंवा निदान स्क्रीनचा फोटो आधी घ्या.

मग डिपस्टिक आणि कूलंटची टाकी. ऑइल दुधट झालं असेल तर त्यात पाणी मिसळलंय. त्यानंतर क्रँक पुलीच्या बोल्टवर लांब पाना लावून इंजिन हाताने, त्याच्या चालीच्या दिशेने, पूर्ण दोन फेरे फिरवायचं. चारही स्ट्रोक दोन फेऱ्यांत पुरे होतात, त्यामुळे कुठे अडतं ते हाताला कळतं. ते सुरळीत फिरलं तर प्लग काढून बोअरस्कोप, म्हणजे बारीक कॅमेरा, आत घालायचा, मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजायचं. पेट्रोल इंजिनाला साधारण ११ ते १४ बार मिळायला हवेत. नेमका आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. त्यापेक्षा महत्त्वाचा सिलिंडरांमधला फरक: एक बारच्या वर गेला तर लीक-डाउन चाचणी मागा, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून ती कुठून निघते ते बघायचं. हवा सायलेन्सरमधून निघाली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, इनटेकमधून निघाली तर इनटेक व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या झाकणातून निघाली तर रिंग-पिस्टन, आणि कूलंटच्या टाकीत बुडबुडे आले तर हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक आणि त्याच्यावरचा व्हॉल्व्हचा भाग (हेड) यांच्यामधलं पॅकिंग. शेवटी इंजिनाच्या तळाचा ऑइल चेंबर उतरवायचा आणि जुना ऑइल फिल्टर कापून उघडायचा. घड्यांमध्ये चमचमता चुरा असेल तर बेअरिंग गेलंय. हा सगळा क्रम फोरमनला पाठ असतो. तरी ‘इंजिन बसलं’ एवढंच लिहून थेट हेड उतरवण्याचा मोह होतो, आणि एकदा हेड उतरलं की निम्मा पुरावा हरवतो.

बडोद्यात पाण्याचा प्रश्न वेगळा सांगावाच लागेल. २०२४च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं आणि किती तरी सोसायट्यांच्या पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. अलकापुरीचं गरनाळं (रेल्वेखालचा भुयारी रस्ता) तर दर पावसाळ्यात भरतं. त्यामुळे इथलं वर्कशॉप जून ते सप्टेंबर आधी पाण्याचाच संशय घेतं. संशय अगदी गैर नाही. सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना पाणी आडवं आलं की सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर जातो आणि तो वाकतो. याला हायड्रोलॉक म्हणतात, आणि वॉरंटीत तो बसत नाही. शिवाय किंचित वाकलेला रॉड त्या दिवशी मोडेलच असं नाही. कधी कधी महिन्यांनी, कोरड्या रस्त्यावर, वेगात मोडतो.

पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. हायड्रोलॉकच्या खुणा ठरलेल्या आहेत. एअर फिल्टर ओला किंवा सुकून आक्रसलेला असतो, त्याच्या डब्यात गाळाची रेघ असते, इनटेकमध्ये चिखल सापडतो. रॉड वाकून आखूड झाल्यामुळे पिस्टन आधीइतका वर पोचत नाही, आणि सिलिंडरच्या भिंतीवर वरच्या बाजूला काजळीचा नेहमीपेक्षा रुंद पट्टा दिसतो. हे फोटो मागा. एअर फिल्टर कोरडा, डबा स्वच्छ, रॉड सरळ असेल, तर ‘पाण्यामुळे’ हे कारण टिकत नाही, आणि हे त्यांच्याच अहवालात लिहून घेता येतं. उलट गाडी खरंच पाण्यातून गेली असेल तर ते लपवू नका. तो दावा विम्याकडे जातो. विम्यातही ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जादा कलम घेतलेलं नसेल, तर पाण्यात बंद पडल्यावर सेल्फ मारून झालेलं नुकसान सहसा नाकारलं जातं. कारण अनिश्चित असेल तेव्हा विमा कंपनीलाही इंजिन खोलण्याआधी कळवा आणि सर्व्हेअरला बंद इंजिन पाहू द्या. खोललेल्या इंजिनावर दोन्हीकडून नकार येऊ शकतो.

एक कारण वर्कशॉपच्या तोंडून क्वचितच निघतं: नुकतीच झालेली सर्व्हिस. ड्रेन बोल्टचा वॉशर न बदलल्याने ऑइल झिरपतं. जुन्या फिल्टरचं रबर इंजिनाला चिकटून राहतं, त्यावरच नवा फिल्टर बसतो आणि दाब वाढला की ऑइल उडून जातं. साडेतीन लिटर लागणाऱ्या इंजिनात अडीचच भरलं जातं. इंजिन सर्व्हिसनंतर काही दिवसांत गेलं असेल तर त्या सर्व्हिसचं बिल काढून ऑइल किती लिटर लावलंय ते वाचा, आणि ड्रेन बोल्ट-फिल्टरचे फोटो कोणी हात लावायच्या आधी घ्या. हा दोष कारखान्याचा नाही, त्यांच्या हाताचा आहे. म्हणून तो वॉरंटीच्या नियमांत बसवून नाकारता येत नाही. कूलंटचंही असंच. क्लॅम्प ढिला राहून कूलंट पूर्ण निघून गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा उलट खाली येतो. ‘तापमान तर वाढलं नव्हतं’ हे चालकाचं म्हणणं तेव्हा खरंच असतं.

नाकारण्याची नेहमीची कारणं थोडक्यात. सर्व्हिस चुकली: १० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, कमी चालणाऱ्या गाड्या वर्षाच्या अटीत सापडतात. बाहेरून सीएनजी किट बसवलं: बडोद्यात हे सर्रास होतं, पण त्याने इंजिनाची वॉरंटी धोक्यात येते, कंपनीतून आलेल्या किटने येत नाही. उंदरांनी वायर कुरतडली: हे वॉरंटीत नाही. भेसळीचं किंवा पाणी मिसळलेलं पेट्रोल: हा आरोप झाला तर टाकीतून तुमच्यासमोर नमुना काढून, सील करून एक बाटली स्वतःकडे ठेवा. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये पाणी जास्त झालं तर इथेनॉल आणि पाणी एकत्र तळाशी बसतं. काचेच्या बाटलीत दोन थर उघड दिसतात. थर नसतील तर पाण्याचा आरोप तिथेच लंगडा पडतो. कारण कुठलंही असो, ते बिघाडाशी जोडून दाखवायला सांगा. सर्व्हिस पंधरा दिवस उशिरा झाली म्हणून टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर कसा तुटला, हे त्यांनी लेखी मांडावं. तोंडी नकार घेऊ नका.

इंजिन खोलण्याच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी दावा नाकारला तर खोलण्याची मजुरी किती, हे आकड्यात लिहून घ्या. खोलताना हजर राहण्याची मागणीही त्यावरच लिहा.

दावा मंजूर झाला की सेवा एकदम सुधारते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. फक्त काय बदलणार ते विचारा. शॉर्ट ब्लॉक म्हणजे ब्लॉक, क्रँक, रॉड आणि पिस्टन. हेड जुनंच राहतं. लाँग ब्लॉकमध्ये हेडही नवं येतं. बेअरिंगचा चुरा ऑइलमधून फिरला असेल तर नुसता ब्लॉक बदलून भागत नाही: टर्बो, त्याचे ऑइल पाइप आणि ऑइल कूलर नवे हवेत. कूलरच्या बारीक वाटांतून चुरा धुऊन निघत नाही, आणि तोच नव्या बेअरिंगमध्ये जातो. दुसऱ्यांदा गेलेल्या इंजिनांमागे हे कारण आवर्जून शोधावं. नव्या इंजिनाची वॉरंटी बहुधा मूळ वॉरंटीच्या उरलेल्या मुदतीपुरतीच असते. वाढीव वॉरंटी त्याच बैठकीत मागून पाहा, नाराज ग्राहकाला ती कधी कधी मिळते.

लेखी नकार आला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. गाडीसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार तिथेच चालते, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. फी ५ लाखांपर्यंत नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० रुपये. दोष प्रयोगशाळेतून तपासून घेण्याचा अधिकार आयोगाला आहे. म्हणून काढलेले भाग भंगारात जाऊ न देता सील करून ठेवण्याची मागणी पत्राने करा.

नवा ब्लॉक आला की इंजिन नंबर बदलतो. वर्कशॉपचं बिल आणि नव्या नंबरचं पत्र घेऊन आरसी बुकात तो चढवावा लागतो. कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्रही लागतं. विमा पॉलिसीवर नोंद वेगळी. ही कामं वर्कशॉप आपणहून करत नाही, डिलिव्हरीआधी त्यांच्याकडून लिहून घ्या. आणि नव्या इंजिनाचं ऑइल पहिल्या १ हजार किलोमीटरला फिल्टरसह बदलून, तो फिल्टर समोर कापून बघा. किंचित करडी पूड चालते. चमकते कण दिसले तर गाडी तिथेच ठेवा आणि नवं जॉब कार्ड उघडा.